दोनशे बारा निम्मे

निम्म्यांचं खरं नाव संस्थेत कुणालाच आठवत नव्हतं. हजेरीपटावर ते असणार, पण हजेरीपटावर माणूस स्वतःचं नाव शोधतो, दुसऱ्याचं नाही. फळप्रक्रिया संस्थेच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं एकच काम करत आले होते आणि त्या कामानेच त्यांना हे नाव चिकटवलं होतं.

काम असं. एका रसायनाचं गडद जांभळं द्रावण घ्यायचं. त्यात फळाचा अर्क मोजूनमापून घालायचा. फळात अँटिऑक्सिडंट असले तर जांभळा रंग उडत उडत पिवळा होतो. निम्मा रंग उडायला किती अर्क लागला तेवढं वहीत लिहायचं. अर्क जितका कमी लागेल तितकं फळ दमदार. चांगल्या साबणाची चिमूटभर पावडर डाग घालवते आणि भिकार साबणाचा डबा संपतो तरी डाग जागचा हलत नाही, त्यातलाच हा प्रकार. यंत्रावरचा आकडा मधोमध आला की निम्मे बसल्या जागेवरून ओरडत, "निम्मा गेला!" ऐकायला कुणी असो वा नसो. एकतीस वर्षं जो माणूस हे ओरडतो त्याला लोकांनी दुसरं काय म्हणायचं?

त्यांच्या पाठीमागे मात्र लोक वेगळंच कारण सांगत. निम्मे बोलतात तेही निम्मंच. "साहेब, ती खिडकी जरा..." असं म्हणायचे आणि थांबायचे. खिडकी उघडायची आहे, लावायची आहे की निखळून खाली पडली आहे, ते समोरच्याने ओळखायचं. कुणाला वाईट वाटेल असं वाक्य त्यांच्या तोंडून कधी अखंड बाहेर पडलं नव्हतं. त्यामुळे त्यांचं कुणाशी वाकडं नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं काय आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी या अडचणीत मोठी भर पडली. संस्थेला नवे संचालक आले आणि ते निघाले निम्म्यांचे जावई. आधी ते एका बिस्किटांच्या कंपनीत विक्रीप्रमुख होते. माणूस उमदा, हुशार, शर्टाला सुरकुती नाही आणि बोलण्याला खळ नाही. फळांमधलं त्यांना एवढंच कळत होतं की ती बाटलीत भरता येतात. निम्मे त्यांना ऑफिसात 'साहेब' म्हणत आणि घरी 'जावईबापू'. ते निम्म्यांना ऑफिसात 'निम्मे' म्हणत आणि घरी 'बाबा'. बायको गेल्यापासून निम्मे लेकीकडेच राहत होते, त्यामुळे रोज दोनदा, सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना, दोघांनाही एकमेकांची नावं बदलावी लागत.

लेकीने पहिल्याच आठवड्यात नियम घालून दिला होता. "ऑफिसातलं घरात आणायचं नाही आणि घरातलं ऑफिसात न्यायचं नाही. मी दिवसभर औषधांच्या दुकानात लोकांची दुखणी ऐकते. घरी आल्यावर तुमची दोघांची ऐकणार नाही, सांगून ठेवते." लेक फार्मासिस्ट होती आणि सांगून ठेवलेलं विसरत नसे. सासरे-जावई जेवताना भाजीबद्दल बोलत, तेही जपून.

त्या वर्षी साहेबांनी रानगुलाब मनावर घेतला. गुलाबाच्या पाकळ्या गळल्या की देठाशी जे लाल बोंड उरतं, ते. बागेतल्या गुलाबाला माळी बोंड धरू देत नाही, आधीच छाटतो. रानगुलाबाला माळीच नसतो, म्हणून तो बोंडांनी लगडतो. त्या बोंडांत अँटिऑक्सिडंट ठासून भरलेले असतात असं साहेबांनी विमानातल्या मासिकात वाचलं होतं, आणि विमानात वाचलेल्या गोष्टीवर त्यांचा फार विश्वास होता. आवारात आणि आसपासच्या टेकड्यांवर रानगुलाबाच्या पाच जाती सापडल्या. त्यांना एक ते पाच नंबर दिले गेले. पाचही तपासायच्या, सगळ्यांत जोरदार निघेल तिची लागवड करायची आणि तिचा जॅम बाजारात आणायचा, असा बेत ठरला.

निवृत्तीला तीन महिने उरलेल्या माणसाकडे एवढं मोठं काम आलं ते दुसरं कुणी त्याला हात लावेना म्हणून. बोंडाच्या आत बिया असतात आणि बियांभोवती बारीक कुसळं. ती खरवडताना हातमोज्याच्या कडेतून आत शिरतात आणि मनगटं दोन-दोन दिवस खाजत राहतात. निम्मे सहा आठवडे खाजवत होते. लेकीने मलम आणून दिलं आणि हे कशाने झालं ते विचारलं नाही, कारण ते ऑफिसातलं होतं.

निकाल हाती आला तेव्हा निम्मे खुर्चीतून उठून उभे राहिले. दोन नंबरची जात म्हणजे संस्थेच्याच मागच्या भिंतीलगतचं काटेरी कुंपण. बोंडं वाटाण्याएवढी, काळपट, दिसायला अगदीच सामान्य. तिने निम्मा रंग अवघ्या एकोणीस मायक्रोग्रॅममध्ये उडवला. निम्म्यांनी पुन्हा तीनदा करून पाहिलं. एकोणीस, अठरा, एकोणीस. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून गेलेल्या एकाही फळाला हे जमलं नव्हतं. आणि टेकड्यांवर दोन नंबर कुठेच सापडली नव्हती. होती ती एवढीच, भिंतीलगत चाळीस पावलं. पाच नंबरची बोंडं मात्र टपोरी, लालचुटुक, फोटोत देखणी. तिला लागले दोनशे बारा. म्हणजे जवळजवळ नुसतं रंगीत पाणी.

मग निम्म्यांनी तक्ता केला. चांगलं ते शेवटी खायचं ही त्यांची ताटातली सवय, तीच त्यांनी तक्त्यात वापरली. सगळ्यांत वर पाच नंबर, दोनशे बारा. त्याखाली एकशे एकतीस, अठ्ठ्याऐंशी, सत्तेचाळीस, आणि तळाला, चवीने वाचण्यासाठी राखून ठेवलेला, एकोणीस. रकान्याच्या डोक्यावर लिहिलं, 'निम्मे प्रमाण'. खाली टीपही द्यायला घेतली. 'आकडा जितका कमी' एवढं लिहिलं, आणि पुढचं कुणालाही कळेल म्हणून पेन खाली ठेवलं. अहवाल टाइप करणाऱ्या बाईंनी ती अर्धवट ओळ नजरचूक समजून काढून टाकली. त्यांचंही काही चुकलं नाही.

शुक्रवारी सभागृहात जॅमच्या कंपनीचे पाहुणे जमले. साहेबांनी तक्ता पडद्यावर लावला आणि बिस्किटं विकणाऱ्या आवाजात सुरुवात केली.

"पहिल्या क्रमांकावर कोण? पाच नंबर! किती? दोनशे बारा! आणि दोनशे बारा काय?" त्यांनी मागच्या रांगेकडे हात केला. "दोनशे बारा निम्मे! ते बघा, आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ. त्यांच्याच नावाचं हे माप. मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या नावाने मापं असतात, मग आमच्या निम्म्यांच्या नावाने का नसावं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. निम्मे गडबडून उठले. "साहेब, तो आकडा म्हणजे जरा..."

"बघा, लाजले!" साहेब म्हणाले, आणि टाळ्या आणखी वाढल्या.

आता इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही. निम्म्यांना त्या टाळ्या आवडल्या. एकतीस वर्षांत त्यांच्याकडे वळून कुणी टाळी वाजवली नव्हती. एकदा माशी मारताना कुणीतरी वाजवली होती तेवढीच. ते खाली बसले ते टाळ्यांत काही ऐकू जाणार नाही म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं कारण हे की उभं राहिलं असतं तर वाक्य पुरं करावं लागलं असतं.

त्याच बैठकीत पुढचं ठरून गेलं. पाच नंबरची चार हजार रोपं मागवायची. लावायची कुठे, तर मागच्या भिंतीकडच्या मोकळ्या जमिनीत, तिथे ऊन चांगलं येतं. तिथलं ते काटेरी कुंपण यंत्र लावून मुळासकट उपटायचं. तारीख ठरली एक तारीख, म्हणजे निम्म्यांच्या निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशीची. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "ते कुंपण कसलं आहे?" साहेब म्हणाले, "तेच दोन नंबर. यादीत शेवटचं."

निम्मे तडक चाचणीच्या स्वयंपाकघरात गेले. तिथे जॅमबाई पाच पातेल्यांत पाच जॅम उकळत होत्या. बावीस वर्षांत त्यांनी यंत्राकडे कधी पाहिलं नव्हतं, त्यांचा भरवसा जिभेवर.

"पाच नंबर म्हणे पहिला आला," त्या पातेलं ढवळत म्हणाल्या. "कापूस साखरेत उकळल्यासारखा लागतो मेला. आणि हा दोन नंबर बघा, टाळूला नुसता झिणझिण्या आणतो."

"बाई, ते कमी म्हणजे खरं तर..."

निम्म्यांची वाक्यं पुरी करायची सवय संस्थेत एकट्या जॅमबाईंना होती. "कमी म्हणजे भारी? अहो, मग उलटंच झालं म्हणा की सगळं!"

"हळू बोला."

"हळू कशाला? जा आणि साहेबांना सांगा."

"ते जावई आहेत माझे."

"मग तर सांगाच. परक्याचं कशाला ऐकतील?"

"जावयाची चूक चारचौघांत कशी..."

"जावयाची नका दाखवू, संचालकाची दाखवा."

"संचालक जावईच आहेत ना पण."

जॅमबाईंनी पळी पातेल्यात ठेवली. "निम्मे, तुमचं हे गुऱ्हाळ माझ्या डोक्यावरून जातंय. एक तारखेला ते कुंपण जाणार. एवढं मला कळतं."

एवढं निम्म्यांनाही कळत होतं. रात्रंदिवस तेच डोळ्यांसमोर होतं. प्रश्न एवढाच होता की सांगायचं कुठे. ऑफिसात सांगावं तर केबिनमध्ये कायम चार माणसं, आणि चार माणसांसमोर जावयाला खाली बघायला लावायचं म्हणजे लेकीच्या संसारात आपल्या हाताने खडा टाकायचा. घरी सांगावं तर नियम. विचार करकरून निम्म्यांच्या लक्षात आलं की घरही नाही आणि ऑफिसही नाही अशी जगात एकच जागा आहे, ती म्हणजे साहेबांची गाडी. रोज जाताना पंचवीस मिनिटं आणि येताना पंचवीस.

पण गाडीत साहेब फोनवर असत. सोमवारी ते वितरकाशी बोलले, मंगळवारी छापखान्याशी, बुधवारी पुन्हा वितरकाशी, कारण मंगळवारी छापखाना काहीतरी बोलला होता. गुरुवारी एका सिग्नलला फोन मधेच कट झाला. निम्म्यांनी छातीत हवा भरून घेतली.

"जावई... साहेब..." ते म्हणाले आणि अडले. गाडीत नेमकं काय म्हणायचं ते कधी ठरलंच नव्हतं.

"अरे हो, बाबा, बरी आठवण केलीत!" साहेबांनी डॅशबोर्डमधून एक चकचकीत कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. जॅमच्या बाटलीचं लेबल होतं ते. वर टपोऱ्या लाल बोंडांचा फोटो, आणि खाली सोनेरी अक्षरांत '२१२ निम्मे'. "तुमचं नाव आता घराघरांत जाणार. खरं सांगू का, बाबा? इतकी वर्षं तुम्ही त्या तळमजल्यावर काय करता ते मला कळलंच नव्हतं. माझंच चुकलं. मी तुम्हाला कधी मानच दिला नाही."

साहेब हे खरोखर मनापासून बोलत होते. सिग्नल हिरवा झाला. निम्मे लेबलाकडे पाहत राहिले. "छान आहे," ते म्हणाले. हे वाक्य मात्र पुरं झालं. घरी आल्यावर त्यांनी लेबल शर्टाच्या खिशातून काढलं नाही, आणि झोपण्यापूर्वी दोनदा ते तिथेच आहे ना हे पाहिलं. मोह वाईटच. साठाव्या वर्षी तो पहिल्यांदा भेटला तर माणसाला त्याची ओळख पटायलाही वेळ लागतो.

असे आठ दिवस गेले. रविवारी लेक कपडे मशीनला लावत होती, तेव्हा तिला खिशात लेबल सापडलं. ती ते घेऊन बाहेर आली.

"बाबा, हे घरात कसं आलं?"

"चुकून."

"बसा इथे." लेकीसमोर निम्म्यांचं काही चालत नसे. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तक्ता, टाळ्या, चार हजार रोपं, गाडी. नवल म्हणजे, मधे न थांबता सांगितलं. मग म्हणाले, "तुला कळतंय ना, कमी का चांगलं?"

"बाबा, मी गोळ्या विकते. ज्या गोळीचं पाच मिलिग्रॅम पुरतं ती भारी, की जिचं पाचशे लागतं ती? मला काय शिकवताय!" तिने लेबल पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "त्यांना माहीत आहे."

"कुणाला?"

"तुमच्या जावयाला. त्या शुक्रवारीच घरी येऊन मला कौतुकाने सांगत होते, बाबांच्या नावाचं माप आहे म्हणून. नियम त्यांनीच मोडला. मी म्हटलं, अहो, हे उलटं आहे. तेव्हा बसले डोकं धरून. मग म्हणाले, तक्ता बाबांनी उलटा लावला, पाच नंबर सगळ्यांत वर घातला. आता मी सांगायला गेलो तर निवृत्तीच्या तोंडावर त्यांची चूक सगळ्यांसमोर येईल. त्यापेक्षा मी गप्प बसतो. मला वाटलं, जॅमच तर आहे, बसू दे गप्प."

म्हणजे इकडे ते जावयाची अब्रू सांभाळत होते आणि तिकडे जावई त्यांची. दोघंही इतके मोठ्या मनाचे निघाले की मधल्या मधे खऱ्याला उभं राहायला जागाच उरली नाही.

"आणि ते कुंपण?" ते म्हणाले.

"कुठलं कुंपण?"

कुंपणाचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. निम्म्यांनी सांगितलं. चाळीस पावलं, एकोणीस, अठरा, एकोणीस, आणि एक तारीख. लेकीने लेबल टेबलावर उलटं ठेवलं. "बाबा, बोला त्यांच्याशी. आणि या वेळी पूर्ण बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी गाडीत बसल्याबरोबर फोन बंद केला, म्हणजे लेकीने त्यांचीही शाळा घेतली होती. गाडी गल्लीतून बाहेर पडेपर्यंत दोघंही समोर बघत होते.

"जावईबापू, चूक माझी आहे," निम्मे म्हणाले.

"छे छे, बाबा, माझी. मी नीट वाचायला हवं होतं."

"मी टीप पुरी करायला हवी होती."

"मी विचारायला हवं होतं. तुम्ही एवढे ज्येष्ठ."

"तुम्ही एवढे कामात."

पहिल्या चौकापर्यंत हे चाललं. चूक जणू शेवटची खुर्ची होती आणि दोघंही एकमेकांना 'तुम्ही बसा' म्हणत होते. अखेर निम्मे म्हणाले, "मग कुंपण राहू द्या."

साहेबांनी गाडीचा वेग कमी केला. "बाबा, रोपं निघाली आहेत. लेबलं छापून आली आहेत. संस्थेच्या अध्यक्षबाईंनी तर पेपरात बातमीही देऊन टाकली. आणि मला एक सांगा, पाच नंबर काय विषारी आहे का?"

"नाही, विषारी नाही."

"मग झालं तर! कुणाचं वाईट होत नाही. आणि तुमच्या शेवटच्या अहवालावर मी डाग लागू देणार नाही. जीव गेला तरी बेहत्तर."

कुणाचा जीव, ते त्यांनी सांगितलं नाही. भिंतीलगतच्या दोन नंबरला विचारायची पद्धत नव्हती. निम्म्यांना त्या क्षणी जावयाचा मनापासून राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली, कारण माणूस बोलत होता ते सगळं प्रेमानेच. प्रेमाने बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मग त्यांनी ठरवलं. निरोप समारंभाला अध्यक्षबाई स्वतः येणार होत्या. त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं, आणि सगळी चूक स्वतःवर घ्यायची. जावयाच्या केसालाही धक्का लागणार नाही आणि कुंपण वाचेल. डाग लागला तर लागू दे. निम्म्यांनी कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा बोलायचं ते आधी लिहून काढलं. 'माझा तक्ता उलटा वाचला गेला आहे. चूक माझी आहे. दोन नंबरची जात सर्वांत दमदार आहे आणि पाच नंबर सर्वांत कमजोर. ते कुंपण काढू नका.' चार वाक्यं झाली आणि प्रत्येकाच्या शेवटी पूर्णविराम आला. जॅमबाईंना दाखवली. त्यांनी बोट ठेवत ठेवत वाचली. "पुरी आहेत," त्या म्हणाल्या. "एकही शब्द गाळू नका."

समारंभाला सभागृह भरलं होतं. लेक तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. निम्म्यांना एक भिंतीवरचं घड्याळ आणि काचेच्या चौकटीतलं मानपत्र मिळालं. साहेब बोलायला उठले. "एकतीस वर्षांत या माणसाने कुणाचं मन दुखावलं नाही," ते म्हणाले, आणि पुढे बरंच काही म्हणाले. मग अध्यक्षबाईंनी माइक पुढे केला. "निम्मे, दोन शब्द बोला."

निम्मे उभे राहिले. खिशातला कागद काढायची गरज पडली नाही. वाक्यं पाठ होती. त्यांनी पहिलं म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसऱ्याला आवाज जरा चढला, आणि चौथं तर शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. एकही शब्द गाळला नाही.

मग साहेबांनी टाळी वाजवली. एकट्यानेच, पहिल्या रांगेतून, आणि मोठ्याने हसले. त्यांच्या शेजारचा हसला. त्याच्या मागची रांग हसली. बघता बघता सगळं सभागृह हसत होतं आणि टाळ्या वाजवत होतं.

"मी खरंच सांगतोय," निम्मे माइकमध्ये म्हणाले. आणखी मोठा हशा झाला. अध्यक्षबाईंनी रुमालाने डोळे टिपले. "काय माणूस आहे! स्वतःच्या नावाचं माप, आणि जाताजाता स्वतःच त्याची टिंगल करतो. इतका नम्र माणूस मी पाहिला नाही." त्यांनी निम्म्यांचा हात हातात घेतला आणि चहाला चला म्हणाल्या. चहाबरोबर पाव होता आणि पावाबरोबर पाच नंबरचा जॅम. जॅमबाई तो वाढत होत्या, पण निम्म्यांच्या ताटलीत त्यांनी काही वाढलं नाही.

लेक समारंभातूनच दुकानाला गेली होती. परतताना गाडीत साहेबांनी घड्याळ आणि मानपत्र मागच्या सीटवर नीट ठेवलं. मग म्हणाले, "बाबा, क्षणभर मला वाटलं, तुम्ही खरंच सांगून टाकताय."

"खरंच सांगत होतो."

"हो ना. आणि किती छान सांगितलंत!"

दुसऱ्या दिवशी निम्म्यांना कुठे जायचं नव्हतं. साहेब एकटेच गेले. नऊच्या सुमारास जॅमबाईंचा फोन आला. यंत्र आलं होतं आणि त्याचा आवाज फोनमधून ऐकू येत होता, त्यामुळे त्यांना फारसं बोलावं लागलं नाही. निम्म्यांनी फोन खाली ठेवला. स्वयंपाकघरात लेक दुकानाला जायच्या गडबडीत डबा भरत होती. ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"मी पूर्ण बोललो ना काल?"

"बोललात."

"एक शब्दही गिळला नाही. तू ऐकलंस ना? आवाजही चांगला लागला होता. मग हसले का लोक?"

लेकीने डब्याचं झाकण लावलं, आणि ते नीट बसलं आहे ना हे दोनदा दाबून पाहिलं. तिला बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं. पण निम्मे उठेनात, तेव्हा तिने विचारलं, "बाबा, सांगताना तुम्ही हसत का होतात?"

"मी?"

"पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. ते कुंपण काढू नका, हेसुद्धा हसत हसत म्हणालात. मी तिसऱ्या रांगेतून खुणा करत होते, हसू नका, हसू नका म्हणून. तुम्ही माझ्याकडे बघून आणखीच हसलात."

"छे! मी कशाला हसेन? माझा जीव तुटत होता, पोरी. आत्तासुद्धा तुटतोय."

लेकीने डबा बाजूला सारला, टेबलावरून हात लांब करून त्यांच्या गालावर ठेवला आणि बराच वेळ तिथेच राहू दिला.

"बाबा," ती म्हणाली, "आत्ताही हसताय तुम्ही."